चार नंबरची वही

प्रयोगशाळेतल्या मामांवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, कारण "पूर्वी कधीतरी" असं लिहिलेलं मामांना चालत नाही. २००३ सालच्या शिमग्यात, पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता. मामा त्या वेळी पालीच्या पलीकडे, आपल्या गावी, पालखीला खांदा देत होते. इकडे रत्नागिरीत आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागची खोली उघडली गेली आणि मामांचं पाच वर्षांचं काम एका टेम्पोत भरून भंगारात गेलं. कुलूप मामांचं होतं. ते कुणी तोडलं नाही. कोयंडाच उचकटला, म्हणजे कुलूप शाबूत.

मी कॉलेजचं नाव लिहीत नाही, माणसांची लिहीत नाही. ज्यांनी केलं त्यांना आपली नावं पाठ आहेत.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. बाटल्या धुणं, ब्युरेट पुसणं, प्रॅक्टिकलच्या आधी टेबलांवर सामान मांडणं, हे त्यांचं काम. कॉलेजातल्या शिपाई-परिचरांना सगळीकडे मामाच म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. १९९८ ला मी अकरावीला आले तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. शिक्षण नववी. खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळं मोजलेल्यासाठी, लाल अंदाजासाठी. मामांच्या वहीत पाऊस निळा असायचा, कारण तो ते पत्र्याच्या डब्यात मोजायचे, आणि स्वतःचं वय लाल.

"वय लाल का, मामा?"

"आये सांगायची, भात लावणीच्या वक्ताला झालास. कुठच्या वर्सी, ता तिला ठाव नाय. शाळेत गुरुजींनी घातला ता गुरुजींचा वय."

त्यांचा आवडता शब्द एकच होता. किती? कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की मामा विचारायचे, किती? प्राचार्यांनी गॅदरिंगमध्ये "आपल्या महाविद्यालयाची उत्तुंग प्रगती" म्हटलं तेव्हा शेवटच्या रांगेतून मामांचा आवाज आला होता, "किती?" मुलं हसली. प्राचार्य हसले नाहीत. माझ्या मते सगळं तिथूनच सुरू झालं. पण हे लाल शाईतलं समजा.

मी पत्रकं लिहायचे. अजूनही लिहिते. आमचा सात-आठ जणांचा गट होता. खाडीत सोडलेलं घाण पाणी, तोडलेली झाडं, बंद पडलेली सरकारी विहीर, जे दिसेल त्याच्यावर पत्रक. पहिलं पत्रक मी मोठ्या तोऱ्यात मामांना वाचायला दिलं. त्यांनी लाल पेन काढलं. "हजारो माशांचा बळी" इथे गोल. "अनेक दिवसांपासून" इथे गोल. "सर्वत्र संताप" इथे गोल. आणि समासात, किती? किती? किती? मी भडकले. म्हटलं, मामा, पत्रकात असंच लिहायचं असतं, नाहीतर लोक उठत नाहीत.

"उठून करणार काय? मासे मोजायला तुजी तू गेली नायस, मग लोकांनी काय मोजायचा?"

दुसऱ्या दिवशी मी खाडीवर जाऊन मेलेले मासे मोजले. सदतीस भरले. पत्रकात "सदतीस" लिहिलं. त्या पत्रकाला पहिल्यांदा उत्तर आलं, कारण सदतीसला खोटं म्हणायचं तर कुणीतरी जाऊन मोजायला हवं होतं.

आता मामांच्या कामाबद्दल. त्याची सुरुवात एका कौलापासून झाली.

गणपतीच्या आधी आमच्याकडे घरांना चुना काढतात. खाडीकाठी शिंपल्यांच्या भट्ट्या होत्या, तिथला चुना पाटीतून येई. तर एका गणपतीत मामांनी घराला चुना काढताना एक जुनं कौलही रंगवलं आणि सहज म्हणून प्रयोगशाळेत आणून तोललं. तिथे दोन पारड्यांचा काचेच्या पेटीतला जुना तराजू होता. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर तो मोडीत काढलेला. मामांनी तो दुरुस्त करून मागच्या खोलीत ठेवला होता. त्यात ते कौल रोज तोलायचे. आधी ते हलकं होत गेलं, पाणी उडालं म्हणून. पण मग थांबलं आणि पुन्हा जड व्हायला लागलं. रोज थोडं थोडं. कौलाला कुणी हात लावलेला नव्हता.

मामांनी बाईंना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो मामा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. आठवीच्या पुस्तकात आहे." आणि त्या तासाला गेल्या. आठवीच्या पुस्तकात आहे, हे खरंच. आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुण घेतले होते, आणि विसरलो होतो. मामा विसरले नाहीत. त्यांनी बाईंच्याच मासिकांत वाचून काढलं की गाड्या, कारखाने, वणवे यांतून तोच वायू वर चाललाय, हवेच्या दहा हजार घोटांत तीन-चार घोट एवढाच आहे, पण वाढतोय, आणि त्याने दुनिया तापणार आहे. मग त्यांनी सरळ प्रश्न विचारला. वर गेलेला परत खाली आणता येतो, हे माझं कौल दाखवतंय. मग कुणी आणत का नाही?

मी म्हटलं, झाडं आणतात ना मामा.

"झाडा लावच तू. मी नको म्हणत नाय. पण आमच्या डोंगराला दर साली वणवा लागतो. झाडान दहा वर्सा धरलेला एका दुपारी परत वर. दगड झाला तर वणव्यात जळत नाय."

२००१ च्या गणपतीआधी मी पत्रक काढलं. मथळा होता, "चुना लावा, हवा गाळा". मजकूर असा की प्रत्येक घराने दरवर्षी चुना काढावा, रंगाचे डबे आणू नयेत, म्हणजे कोकणातल्या सगळ्या भिंती मिळून हवा साफ करतील. मामांच्या कौलाचे आकडे खाली दिले होते, सगळे निळे. पाचशे प्रती. पाली बाजारात वाटल्या, लांज्याच्या एसटी स्टँडवर वाटल्या. मुलांनी मामांना "चुनेवाले" म्हणायला सुरुवात केली, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

गणपती गेल्यावर पंधरा दिवसांनी मामा माझ्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. उभ्यानेच म्हणाले, "बाय, पत्रक चुकला."

झालं होतं असं की चुना संपला म्हणून ते पहिल्यांदाच स्वतः भट्टीवर गेले होते. आजवर चुना घरी यायचा. भट्टीवर त्यांनी पाहिलं की शिंपल्यांचा एक थर आणि लाकडांचा एक थर, असं रचून दिवसभर जाळतात. त्यांनी मूठभर शिंपल्या आधी तोलल्या, भाजून झाल्यावर परत तोलल्या. जवळजवळ निम्मं वजन गेलेलं. ते कुठे गेलं? वर. शिंपलीतून जेवढा वायू भट्टीत सुटतो, तेवढाच पुढे भिंत वर्षभर बसून परत ओढते. हातात काही उरत नाही. आणि लाकडाचा धूर वेगळाच.

म्हणजे आम्ही लोकांना सांगितलं होतं, हवा साफ करायला जास्त चुना जाळा.

"मला आधी कळाया होवा होता," मामा म्हणाले. "मी भिंत बघितली, भट्टी बघितलीच नाय. आता परत घ्यायची."

"काय परत घ्यायचं?"

"पत्रका."

मी म्हटलं, मामा, वाटलेली पत्रकं कुणी परत घेत नाही. दुसरं काढू, दुरुस्तीचं. शिवाय लोक पत्रकं वाचतच नाहीत हो, पुड्या बांधतात त्याच्या.

मामा म्हणाले, "वाचीत नाय, तर छापतेस कशाला?"

येत्या रविवारपासून निघायचं ठरलं.

चार रविवार आम्ही दारोदार फिरलो. पालीत एका घरी पत्रक मसाल्याच्या फळीवर अंथरलेलं. घरातल्या आजी फळीवरचे डबे उतरवून देईनात. "अहो, मतं दिलेली परत मागाया कोण येत नाय, आणि तुमी कागद मागताय?" मामांनी स्वतः सगळे डबे उतरवले, कागद काढला, खिशातून वर्तमानपत्राचं पान काढून तिथे अंथरलं, डबे होते तसे लावले. आजी म्हणाल्या, "दर सोमवारी या, झाडूनपण जा." दुसऱ्या घरी एका गृहस्थांनी आमचं ऐकून ओटीला दोनदा चुना काढलेला. मामांनी त्यांना सगळं समजावलं, शिंपली, भट्टी, लाकूड. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे आता खरवडून काढू काय?" मामांना हसू आलं. मला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वाक्यांची लाज घेऊन उन्हात उभी होते.

एकशे बारा कागद परत मिळाले. मामांनी ते फेकले नाहीत. एका बाजूला चुकीचा मजकूर, दुसरी बाजू कोरी. दाभण आणि सुतळी घेऊन त्यांनी त्याची वही शिवली. मामांच्या कॉलेजातल्या वह्या पाच, त्यातली ही चार नंबरची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वहीपासून मामांनी नवीन प्रथा सुरू केली. दिवसाच्या शेवटी पानाच्या तळाशी स्वतःचा निकाल. पकडलेलं जास्त आणि सोडलेलं कमी, तर पास. उलटं असेल तर नापास.

आणि नवीन यंत्र उभं राहिलं. मिरकरवाड्याच्या बंदरावरून त्यांनी टाकून दिलेलं नायलॉनचं मासेमारीचं जाळं आणलं. आधी काथ्याचं सुंभ वापरून पाहिलं होतं, पण कॉस्टिक सोड्याने त्याचा चोथा झाला. जाळं मागच्या खोलीच्या खिडकीत टांगलं, घडीवर घडी, समुद्राचा वारा थेट त्यातून जाईल असं. वर सलाइनची बाटली, तिच्यातून कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब. नुसत्या चुन्याच्या पाण्यावर साय धरते आणि मग आत काही शिरत नाही. कॉस्टिकवर साय धरत नाही. वारा येतो, त्यातला तो वायू पाण्यात अडकतो, खाली परातीत कपड्याच्या सोड्याचं पाणी जमतं. त्यात चुना घातला की कॉस्टिक मोकळं होऊन पुन्हा बाटलीत, आणि तळाशी पांढरा खडू. हवेतला वायू त्या खडूत.

अख्ख्या विभागाला सुक्या मासळीचा वास यायचा. मामांच्या बोटांची कातडी कॉस्टिकने इतकी गुळगुळीत झाली होती की बँकेत अंगठा उठेना. "माजी वळख हवेन खाल्ली," म्हणायचे.

खरी अडचण पुढे होती. त्या खडूचा परत चुना करायचा तर भट्टी हवी. भाजायचं, आणि सुटणारा वायू या खेपेला धरून ठेवायचा. भाजायला लाकूड जाळलं की वहीत नापास. कोळसा, नापास. प्रयोगशाळेतला गॅसचा बर्नर, नापास. महिनोन्‌महिने पानांच्या तळाशी तोच शब्द, निळ्या शाईत, तेवढ्याच वळणदार अक्षरात. त्यांच्या हाताला कधी घाई झालेली मी पाहिली नाही.

मग लांज्याच्या एका केबलवाल्याने मोडीत काढलेली मोठी डिश अँटेना मामांनी मागून आणली. सलूनवाल्यांकडून फुटके आरसे जमवले, तुकडे करून डिशच्या आतून चिकटवले. ती टेम्पोत घालून गावच्या सड्यावर नेली. आमचा सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, एप्रिल-मे मध्ये अनवाणी पाय टेकत नाही तिथे. डिशची तिरीप जिथे एकवटते तिथे लोखंडी नळीचा तुकडा, एक तोंड बंद, आत चमचाभर खडू. दुसऱ्या तोंडाला बारीक पाइप आणि पाइपला सायकलची रिकामी ट्यूब.

पहिल्या दिवशी मामांच्या खांद्यावरचा टॉवेल तिरपीत आला आणि पेटला. वहीत नोंद आहे: "टॉवेल जळला. धूर थोडा (हे लाल शाईत). नापास, टॉवेलमुळे." गावातले लोक बघायला यायचे. शिमग्यात होळीच्या होमाभोवती उभे राहून तेच लोक मामांना चिडवायचे, "होमाला नापास करू नको रे बाबा, देव रागवंल." मामा म्हणायचे, "देवाला मी कसा नापास करीन? लाकडा तुमी तोडलीत."

२००२ च्या मे महिन्यात, भर दुपारी, मी तिथे होते. नळी लाल झाली, मग नारिंगी. मामा डिश उन्हाबरोबर हाताने वळवत होते, डोक्यावर ओलं गोणपाट. ट्यूब, जी चपटी पडली होती, ती हळूच फुगली. एखादं जनावर कूस बदलतं तशी. मामांनी नळी गार होऊ दिली, तोलली. वजन जितकं उतरायला हवं तितकं उतरलं होतं. आत पांढरा चुना. त्या खडूसाठी परातीत घातलेला चुनाही आधीच्या खेपेला याच उन्हात भाजलेला होता, भट्टीचा नव्हता. म्हणजे वर्तुळ पुरं झालं होतं. हवेतून पाण्यात, पाण्यातून खडूत, खडूतून ट्यूबमध्ये, आणि चुना परत जाळ्याकडे. कुठे काडी ओढलेली नव्हती.

मी नाचले. मामांनी वही मांडीवर घेतली आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं, म्हणून मला शब्दन्‌शब्द पाठ आहे:

"आज काडी ओढली नाही. जाळ्यात आलेलं उन्हात सुटलं, ट्यूबमध्ये धरलं. चुना परत मिळाला. कॉस्टिक दुकानातलं. ते बनवताना किती धूर झाला मी बघितलेला नाही. काठावर पास."

"मामा, काठावर? अहो, पहिले आलात तुम्ही."

"भट्टी बघितली नाय म्हणून एकदा चुकलो. कॉस्टिकचा कारखाना बघितलेला नाय. काठावरच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने रत्नागिरीला आले, ट्यूब खांद्यात अडकवून. मी शेजारी बसले होते. कंडक्टरने विचारलं, "सायकल कुठे, मामा?"

"सायकल नाय. हवा हाय."

"हवेला तिकीट नाही."

"ही निवडून काढलेली हाय. हाफ फाड."

विभागात येऊन त्यांनी मेणबत्ती लावून त्यावर ट्यूबचं तोंड सैल केलं. ज्योत विझली. बाई म्हणाल्या, "मामा, खायचा सोडा आणि लिंबू घेतलंत तरी विझते." यात चूक काही नव्हती. तेवढंच पाहिलं तर तेवढंच दिसतं. वही उघडून पाहायला कुणाला वेळ नव्हता.

पाऊस लागला तशी डिश कॉलेजच्या आवारात आली, पण तिथे सड्याएवढं ऊन मिळेना, म्हणून पाच नंबरची वही नापासांनीच भरत गेली. मग तो शिमगा. कॉलेजला तपासणी समिती यायची होती, खोलीत कॉम्प्युटर मांडायचे होते. जाळं, पराती, काचेच्या पेटीतला तराजू, आवारात आणून ठेवलेली डिश, सगळं गेलं. मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेतून बाहेर आले तर खिडकी रिकामी. मी धावत भंगारवाल्याकडे गेले. त्याचा माझ्याशी काय वाद असणार? तो म्हणाला, "ताई, तराजू मघाशीच फुटला उतरवताना. वह्या बघा रद्दीत." चार सापडल्या. एक, दोन, तीन, पाच. चार नंबरची नव्हती. "ती सुतळीची? सुतळी तुटून सुटी पानं झाली होती ती. पुडीवाले घेऊन गेले. कोण काय विचारू नका, दिवसाला दहा येतात."

शिमगा आटपून मामा आले. उचकटलेला कोयंडा बघितला, कुलूप काढून खिशात घातलं. मी रडत होते. त्यांनी विचारलं, "कुठच्या वया मिळाल्या?" मी सांगितलं. म्हणाले, "पास झाला ता गेला. पाच नंबरातला नापास ता सगळा शिल्लक हाय. अभ्यासाला नापासच बरा."

मला तेव्हा हे मोठेपण वाटलं. आता वाटतं, त्यांनी गप्प बसायला नको होतं. कारण महिन्याभराने त्यांना मेमो मिळाला: "निष्फळ प्रयोगांसाठी प्रयोगशाळेच्या साहित्याचा अपव्यय." मी आणि आमच्या गटाने लेखी तक्रार केली, मिळालेल्या वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाच नंबरच्या वहीच्या झेरॉक्स टेबलावर पसरून माझ्याकडे फिरवल्या.

"हे अक्षर कोणाचं?"

"मामांचं."

"वाचा."

"नापास."

"पुढचं?"

"नापास."

"त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, रोज. आम्ही वेगळं काय म्हटलं?"

मी म्हटलं, सर, एकदा पास झालंय, मी डोळ्यांनी पाहिलंय, चार नंबरच्या वहीत आहे.

"मग ती वही आणा."

"ती तुम्ही विकलीत."

"आम्ही रद्दी विकली," प्राचार्य म्हणाले. "आणि तुम्ही साक्षीदार नाही, तुम्ही त्यांच्या प्रचारक आहात."

हे वाक्य मला आजही झोंबतं, कारण अर्धं खरं आहे. चुकीचं पत्रक माझंच होतं. पण बघा काय केलं त्यांनी. एका माणसाने स्वतःशी खोटं बोलायचं नाही म्हणून दीड वर्ष रोज नापास लिहिलं, आणि तोच प्रामाणिकपणा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावला. त्यांनी थोडी लबाडी केली असती, चार-दोन पानांवर पास ठोकून दिलं असतं, तर आज कॉलेजच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटो असता.

मामांनी मेमोला एकच उत्तर लिहिलं. "अपव्यय म्हणा. कॉस्टिक वापरलं, बाटल्या वापरल्या. निष्फळ म्हणू नका. एकदा झालं आहे." ते कुणी फायलीला लावलं की नाही, माहीत नाही. मेमो मात्र त्यांच्या सेवापुस्तिकेत आहे.

आता २००८ चाललंय. मामा स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आहेत. पेपरात तापमानवाढीवर पानंच्या पानं येतात, परिसंवाद होतात, कॉलेजने गेल्या वर्षी पर्यावरण दिनाला दीपप्रज्वलन केलं. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "किती वाती?"

मागच्या एप्रिलात मी गेले तेव्हा अंगणात दुसरी डिश उभी होती. आरसे अर्धे लावून झालेले, बाकीचे मामी परातीत धुऊन देत होत्या. जुन्या सड्यावर कुणीतरी जागा घेऊन कुंपण घातलंय, त्यामुळे डिश अंगणात, आणि अंगणावर दुपारी फणसाची सावली येते. मामा फणस तोडायला तयार नाहीत. म्हणून डिश वळवायला त्यांनी लाकडाचे रूळ बसवलेत, सावली सरकेल तशी डिश सरकते. नळी अजून लाल होते, नारिंगी होत नाही. सहा नंबरची वही चालू आहे. मी उघडली. नापास, नापास, नापास. अक्षर थोडं थरथरतं आता, पण वळण तेच.

"मामा, चार नंबरची सापडली तर?"

"सापडली तर बरा. मी वाट बघत नाय. उद्या ऊन हाय काय, ता बघतंय."

मामी मात्र मला गोठ्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेमोचा कागद उशीखाली ठेवतात गो. वाचीत नाय. नुसता ठेवतात."

म्हणून हे लिहिलं. मामांना विचारलेलं नाही, विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

मामांनी मला शिकवलं की चुकीचा छापलेला कागद दारोदार जाऊन परत घ्यायचा. कॉलेज ते करणार नाही. तेव्हा मी तीच एकशे बारा पत्रकं दुसऱ्यांदा गोळा करायला निघाले आहे. सात परत मिळाली आहेत: दोन लांज्याच्या काजूच्या दुकानातून, एक पोथीच्या कव्हरातून, चार पालीच्या त्याच आजींच्या फळीवरून. आजी म्हणाल्या, "तुजा कागद काय माजी फळी सोडीत नाय." त्या सातांत ते पान नाही.

तुम्ही रत्नागिरीचे असाल, पालीचे, लांज्याचे, किंवा २००३ च्या उन्हाळ्यात इकडून काजू, आमसुलं, कुळीथ काहीही कागदात बांधून मुंबईला नेलं असेल, तर हे वाचून झाल्यावर सहानुभूती नको. उठा. माळा बघा, फळ्यांवर अंथरलेलं बघा, जुन्या पुस्तकांची कव्हरं सोडवा. पिवळा पडलेला कागद असेल, कडेला सुतळीची भोकं, वर माझा मथळा, "चुना लावा, हवा गाळा". ती बाजू वाचू नका, ती चुकीची आहे. कागद उलटा करा. तळाशी निळ्या शाईत "काठावर पास" लिहिलेलं असेल, तर ते पान तुमचं नाही. आणून द्या.